वास फोनमधून येत नाही

आजीनं पाय पुढे केला तेव्हा मला आधी वास आला, जखम नंतर दिसली. जुलैचा दुसरा आठवडा, लावणीचे दिवस. उपकेंद्राच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की समोरासमोर बसूनही मोठ्यानं बोलावं लागत होतं. उजव्या पायाच्या करंगळीखाली तिनं हळद आणि खोबरेल दाबून भरलं होतं, वर जुन्या लुगड्याची चिंधी. अनवाणी चिखलात उभं राहून लावणी करताना कधीतरी बांबूची सल घुसली असावी. कधी, ते तिला सांगता येईना.

"दुकत नाय गो बाय, म्हणून आले नाय," ती म्हणाली.

नऊ वर्षांचा मधुमेह. पाय सुन्न पडलेला असला की सल घुसल्याचं कळत नाही, आणि कळत नाही म्हणून माणूस पाच दिवस त्याच पायावर चालत राहतो. ग्लुकोमीटरवर साखर ३१२ आली.

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. शिक्षण बीएएमएस, त्यावर सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, आणि नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीला टेकलेल्या एका तालुक्यात. डोंगराळ भागात साधारण ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं. माझ्याकडे चार गावं आणि त्यांच्या अकरा वाड्या आहेत. एमबीबीएस डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात, चौदा किलोमीटरवर. सर्जन आणि फिजिशियन त्याच्याही बरेच पुढे. एसटी दिवसातून दोनदा, पावसाळ्यात दरड आली नाही तर. हे अंतर कमी करायला माझ्या टेबलावर एक टॅबलेट दिलेला आहे आणि त्यात ई-संजीवनी, म्हणजे व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणारी सरकारी सेवा.

ही सेवा मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेनं बनवलेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती आमच्यासारख्या आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी सुरू झाली, आणि लॉकडाऊन लागल्यावर १३ एप्रिल २०२० पासून घरबसल्या थेट डॉक्टरशी बोलायची सोयही तिच्यात आली. मी वापरते ती पहिली पद्धत. रुग्ण माझ्यासमोर बसतो, डॉक्टर पडद्यावर असतात, आणि मधे मी.

आजीला मी विचारलं, "आजी, मोठ्या डॉक्टर मॅडमना पाय दाखवू ना? फोटो पाठवावा लागेल." हे विचारणं नुसता शिष्टाचार नाही. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत लिहिलंय की रुग्णानं स्वतः डॉक्टरला फोन लावला तर संमती धरून चालायची, पण आरोग्य कर्मचाऱ्यानं लावला तर रुग्णाकडून ती स्पष्ट घ्यायची. आजी म्हणाली, "दाखव की. पायाला कसली लाज?"

नाव, वय, तक्रार, बीपी, साखर, ताप, ऑक्सिजन भरून मी रांगेत नंबर लावला. वीस मिनिटांनी डॉक्टर मॅडम पडद्यावर आल्या. पावसात काहीच ऐकू येईना, म्हणून इअरफोनचं एक टोक आजीच्या कानात आणि एक माझ्या.

फोटो बघून त्यांनी आधी औषधाचं नावही काढलं नाही. विचारलं, "पावलावरची नाडी लागतेय का?"

मी बघितलीच नव्हती. तशी बोटं ठेवली. पावलाच्या वरच्या बाजूला लागली, घोट्याच्या आतल्या बाजूलाही लागली. "आता हाताची मागची बाजू दोन्ही पायांवर फिरवा. कुठला गरम?" उजवा, घोट्यापर्यंत. "वास?" आहे, कुजका. "लाली कुठपर्यंत आहे तिथे बॉलपेननं रेघ मारा. उद्या सकाळी लाली रेघेच्या बाहेर गेलेली दिसली तर मला कॉलही लावू नका, सरळ १०८ बोलवा आणि मग सांगा."

निळ्या पेननं आजीच्या पावलावर मी गोल रेघ ओढली. जखम धुऊन, भरलेलं सगळं काढून ड्रेसिंग केलं, प्रतिजैविकाचा पहिला डोस समोरच दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी लाली रेघेच्या दोन बोटं बाहेर गेली होती. दहा वाजता आजी गाडीत होती.

पुढे जाण्याआधी मागचं एक सांगायला हवं. नाडी बघितली नाही ही माझी पहिली चूक नव्हती.

रुजू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत एक अठ्ठावन्न वर्षांचे काका पायावर सूज आहे म्हणून आले. मी कॉल लावला, "दोन्ही पायांना सूज, बीपी १५०/९०" एवढं सांगितलं. पलीकडच्या डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तपासण्या लिहिल्या, गोळी दिली. सहा मिनिटांत सगळं आटोपलं. तिसऱ्या रात्री काकांना धाप लागली आणि गावातल्या जीपमधून न्यावं लागलं. हृदय थकलं होतं. नंतर काकूंनी सांगितलं की आठवडाभर ते भिंतीला टेकून बसूनच झोपत होते. ते मला कळलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही विचारलं नाही, पण त्यांच्यासमोर काका नव्हते, मी होते. काका वाचले. मला मात्र कित्येक रात्री नीट झोप लागली नाही.

तेव्हापासून कॉल लावायच्या आधी मी वहीत तीन ओळी लिहिते. रुग्ण काय म्हणतो. मला काय दिसलं. मी हात लावून काय तपासलं. तिसरी ओळ रिकामी असेल तर कॉल लावत नाही.

कॅमेऱ्यासमोर तपासायचं कसं, हेही हळूहळू शिकले. सूज नुसती सांगत नाही. नडगीवर अंगठा दाबून धरते, उचलते आणि पडलेला खड्डा कॅमेऱ्याला तिरप्या उजेडात दाखवते. कावीळ आहे का हे ट्यूबलाइटखाली कधीच दाखवत नाही, कारण पडद्यावर रंग बदलतो. रुग्णाला पडवीत आणते आणि डोळ्याचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात दाखवते. लहान मुलाचा श्वास मोजताना त्याला आईच्या मांडीवर घ्यायचं, अंगावरचं झबलं वर करायचं आणि टॅबलेट पोटावर रोखून पूर्ण एक मिनिट धरायचा. चौदा महिन्यांच्या एका पोराचे श्वास मी ४६ मोजले, पलीकडे डॉक्टरांनीही ४६ मोजले. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त म्हणजे न्यूमोनियाची शंका. दोघांचा आकडा जुळल्यावर त्या आईच्या चेहऱ्यावर जो विश्वास दिसला, तो नुसत्या चिठ्ठीनं आला नसता.

आणि कुठलं पडद्यावर न्यायचंच नाही, हेही शिकले. छातीत दुखतंय, फुरसं किंवा दुसरा साप चावलाय, बाळंतिणीला रक्त जास्त जातंय, तर रांगेत नंबर लावून बसायचं नाही. आधी गाडी, मग फोन. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला, त्याला कित्येक वर्षं झाली; ती गोळी लवकर पोटात जाण्याला किंमत आहे. अशा वेळी मी आमच्या वैद्यकीय अधिकारी सरांना साधा फोन लावते, त्यांच्या सांगण्यावरून गोळी देते आणि रुग्णाला हलवते. व्हिडिओची वाट बघत नाही.

नोंदणीचंही एक सांगते, कारण बाहेरच्या माणसाला त्याची कल्पना नसते. आभा क्रमांक, म्हणजे चौदा आकडी आरोग्य ओळख क्रमांक, आधारवरून काढायला गेलं की ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. आमच्याकडे तो मोबाइल मुंबईत असतो. आजीचा ओटीपी तिच्या मुलाच्या फोनवर गेला, मुंबईजवळच्या दिव्याला. तो कामावर, फोन उचलेना. अर्ध्या तासानं त्यानं उचलला तोवर ओटीपी मेला. तीनदा केलं तेव्हा जमलं. कोकणातलं प्रत्येक म्हातारं माणूस असं कुठल्या ना कुठल्या नालासोपारा-विरार-दिव्याच्या फोनला बांधलेलं आहे. सुरुवातीला या गोष्टीची मला चीड यायची. पुढे त्याचाच उपयोग झाला.

आजी अकरा दिवसांनी घरी आली. करंगळी काढावी लागली होती, पाऊल वाचलं होतं. मुलगा सोबत आला होता. तो म्हणाला, "मॅडम, आयला मुंबैला नेतो. इथं कोन बगनार?" मी त्याला समजावलं की जखम भरायला दोन-अडीच महिने जातील, रोज ड्रेसिंग लागेल, आणि मुंबईच्या एका खोलीत तिसऱ्या मजल्यावर जिने चढून-उतरून तिचा पाय बरा होणार नाही. रोजचं मी करते, आठवड्यातून दोनदा मॅडमना दाखवू, एका कॉलला तूही ये. तो बराच वेळ गप्प बसला. मग आईकडे बघितलं. आजी म्हणाली, "गुरांना कोन बगंल? मी हितंच बरी."

मग रोजचा क्रम लागला. मॅडमनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "फोटो वेगवेगळे आले तर मला काही कळणार नाही." म्हणून वेळ ठरली सकाळी साडेदहा, जागा खिडकीजवळची, पायाखाली पांढरं धुतलेलं कापड. सेंटिमीटरच्या खुणा केलेली कागदाची पट्टी रोज नवी, जखमेच्या कडेला, पण टेकवायची नाही. आधी लांबून अख्खं पाऊल, मग जवळून जखम, मग बाजूनं, म्हणजे खोली कळते. पहिल्या फोटोत पट्टीवर जखम साडेचार सेंटिमीटर लांब होती. तिसऱ्या आठवड्यात साडेतीन. फोटो एकाखाली एक लावून दाखवल्यावर आजी म्हणाली, "भरतंय की!" आपली जखम भरताना तिला पहिल्यांदा दिसत होती, स्वतःचा तळवा तिला वाकून बघताच येत नव्हता.

मॅडमनी चप्पल सुचवली. कुष्ठरोग कार्यक्रमात सुन्न पायांसाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल देतात, तशी. ती मिळवायला माझे दोन आठवडे गेले. तोवर आजी पडवीत बसून भाजी निवडायची, आणि मी दिसले की लगेच पाय पाटावर.

मुलाला आठवड्याच्या कॉलमध्ये जोडून घ्यायचो. चिठ्ठी त्याच्या फोनवर जायची. एकदा मॅडमनी त्याला सरळ विचारलं, "आईची सकाळची गोळी चुकते. तुम्ही आठला फोन करून आठवण करू शकाल?" त्या दिवसापासून रोज आठ वाजता दिव्याहून फोन. गोळी जिभेवर ठेवून पाणी प्यायल्याचा आवाज त्याला ऐकू आल्याशिवाय तो फोन ठेवत नसे. सप्टेंबरमध्ये उपाशीपोटीची साखर १३८ आली, ती माझ्या ड्रेसिंगपेक्षा त्या फोनमुळे आली, असं मी आजही मानते.

ऑगस्टमध्ये चार दिवस मी तिच्यापर्यंत पोचूच शकले नाही. वहाळाला पूर आला, साकव, म्हणजे वहाळावरचा छोटा पूल, पाण्याखाली गेला. आजी पलीकडच्या वाडीत, मी अलीकडे. पलीकडे आमच्या आशाताई, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविका, राहतात. ड्रेसिंगचं सामान मी आधीच त्यांच्याकडे ठेवलं होतं, ते एक बरं केलं होतं.

त्या दिवसांत गावात रेंज नव्हती. रेंज येत होती ती वरच्या सड्यावर, देवळाच्या ओसरीत. मी छत्री घेऊन वर गेले आणि आशाताईंना व्हिडिओ कॉल लावला. त्या आजीच्या घराच्या मागच्या आवारात एका फणसाखाली उभ्या, कारण तिथेच रेंजच्या दोन कांड्या येत होत्या. आजीला खुर्चीसकट तिथे आणलं होतं, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं.

आता पडद्यावर मी होते आणि हात आशाताईंचे. पडद्यावर मला काय दिसत होतं? आशाताईंचा अंगठा. मग एक गुलाबी-पिवळा डाग, चौकोनचौकोन होऊन थांबलेला. मग काहीच नाही. पुन्हा कॉल लावला. डॉक्टर मॅडमना इतके महिने माझ्याकडून काय दिसत असेल, ते मला तिथे ओसरीत बसून कळलं.

"ताई, जुनी पट्टी काढलीत ती नाकाजवळ धरा. वास येतोय?"

त्या बिचकल्या. "कसला सांगू मॅडम?"

"कुजका? की नुसता ओला?"

"ओला. न वाळलेल्या कपड्यासारखा."

"आता हाताची मागची बाजू दोन्ही पायांवर."

"उजवा गरम हाय."

"किती गरम?"

त्या थांबल्या. कॉल तुटला असं वाटलं. मग आवाज आला, "तव्यावरची भाकरी नाय. फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते ना, तेवढा."

मी तेच शब्द डॉक्टर मॅडमना जसेच्या तसे कळवले. त्या म्हणाल्या, "समजलं." ताप दिवसातून दोनदा घ्यायचा, सरकवायला पाट वापरायचा, पाऊल जमिनीला लागू द्यायचं नाही, भाकरी तव्यावरची झाली तर पूर असो नसो, होडी किंवा डोली करून हलवायचं. ताप आला नाही. चौथ्या दिवशी साकव मोकळा झाला आणि मी पोचले तेव्हा दोन्ही पाय हाताला सारखेच लागले. आशाताईंनी त्या चार दिवसांत आपल्या वहीत, मला न विचारता, माझ्यासारख्याच तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या.

याच काळातली एक गोष्ट मला अजून सलते. आढावा बैठकीत माझे कॉल कमी दिसले. आजीचे कॉल वीस-पंचवीस मिनिटांचे चालायचे, त्या दिवशी बाकीचे दोनच व्हायचे. आकडा विचारणाऱ्यांच्या तक्त्यात चाळीस सेकंदांचा कॉलही एक आणि पंचवीस मिनिटांचा कॉलही एकच. संध्याकाळी आकडा भरून काढायला काही ठिकाणी सर्दी-खोकल्याचे कॉल घाईघाईनं लावले जातात, हे आम्ही सगळेच जाणतो. मी तसे लावले नाहीत, आणि त्याबद्दल ऐकूनही घेतलं. किती रुग्णांचा दुसरा, तिसरा कॉल झाला, हे कुणी मोजलं तर या सेवेचा खरा उपयोग कळेल. पहिल्या कॉलमध्ये डॉक्टर अंदाज बांधतो. रुग्ण बरा होतो तो तिसऱ्या-चौथ्या कॉलपर्यंत पाठपुरावा झाला तर.

सगळंच पडद्यावरून मिळत नाही, हेही लोकांना समजावून सांगावं लागतं. एक आजोबा झोपेच्या गोळीसाठी आले. व्हिडिओवरून ती गोळी लिहिता येत नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं टेलिमेडिसिनमध्ये बंद आहेत. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर ते चिडले. मी चहा मागवला. मग निघालं की त्यांची बायको जाऊन दोन महिने झाले होते आणि रात्री घरात बोलायला कुणी नव्हतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर मी माझ्याच फोनवरून लावला आणि फोन त्यांच्या हातात देऊन बाहेर पडवीत बसले. ते पाऊण तास बोलले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आले, "तो नंबर लाव गो," म्हणत.

आजीची जखम दसऱ्याच्या सुमारास बंद झाली. शेवटच्या कॉलमध्ये मॅडमनी तिला उभं राहायला सांगितलं, मग चालून दाखवायला. ती पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली, नव्या चपला घालून, आणि वळून टॅबलेटकडे बघत म्हणाली, "बग, येतंय का दिसून?"

पुढच्या जूनमध्ये, लावणीच्या आधी, मी आणि आशाताईंनी मधुमेहाच्या सगळ्या तेवीस रुग्णांचे पाय तपासायला घेतले. मॅडमनी एक सोपी पद्धत शिकवली होती, तिला काहीच सामान लागत नाही. रुग्णानं डोळे मिटायचे, आपण तर्जनीनं पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करायचा, न दाबता. दोन्ही पायांच्या मिळून सहा जागा. कळलं की "हा" म्हणायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर तो पाय धोक्यातला.

पाच जणांना कळलं नाही. त्यांतल्या एका काकींच्या टाचेला भेग होती, आत खोल, कडा पांढऱ्या पडलेल्या. त्या म्हणाल्या, दुखत नाही. आशाताईंनी वाकून आधी वास घेतला, मग हाताची मागची बाजू लावली आणि माझ्याकडे बघून सांगितलं, "गार हाय मॅडम. वास नाय." मी पावलावरची नाडी बघितली, पांढरं कापड अंथरलं, पट्टी ठेवून फोटो काढला आणि रांगेत नंबर लावला.